दात कुठे लावायचे, कुठे नाही

प्रश्न : सिस्टर, मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगमध्ये अ‍ॅलिस आणि बॅबकॉक या फोर्सेप्समध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चिमट्यांमध्ये, माझा हमखास गोंधळ होतो. ट्रॉलीवर सगळं सारखंच दिसतं. सरांनी हात पुढे केला की मी गडबडते. लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : बाळ, युक्ती सांगते, पण आधी माझ्या हातून झालेली चूक ऐक.

मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तालुक्याच्या एका रुग्णालयात कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियांचा दिवस होता, सकाळपासून बायकांची रांग. सातव्या केसला सरांनी जखमेवरची नजर न काढता हात पुढे केला आणि बॅबकॉक मागितला. मी अ‍ॅलिस दिला. त्यांनी बीजवाहक नळी धरून वर उचलली, तशी दात रुतून तिच्या पदरातली शीर फाटली. रक्त थांबलं, बाई सुखरूप घरी गेली. पण थोडक्या वेळाचं काम पाऊण तास चाललं, आणि ती बाई पूर्ण भुलीत नव्हती. टेबलाची कड तिने किती घट्ट धरली होती ते मला आजही दिसतं. सर मला एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी दोन्ही फोर्सेप्स माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "यांची तोंडं बघ."

तूही तेच कर. मुठी सारख्या, लॉक सारखं, लांबीही जवळपास तेवढीच. ट्रॉलीवर मुठी तुझ्याकडे असतात, म्हणून फरक कळत नाही. अ‍ॅलिसच्या टोकाला बारीक दातांची ओळ असते, आणि फोर्सेप मिटला की दोन्ही पात्यांचे दात एकमेकांत बसतात. बॅबकॉकचं टोक रुंद, बाकदार. पात्यात आरपार खिडकी, धरायच्या कडेला नुसत्या बारीक रेघा, दात नाहीत. मिटल्यावर मधे पोकळी राहते आणि नळीसारखा अवयव न चिरडता तिच्यात बसतो.

आता कुठे काय? पुस्तकात वाचशील की जे काढून टाकायचं त्याला अ‍ॅलिस, जे ठेवायचं त्याला बॅबकॉक. हे अर्धंच खरं आहे. नळीचा तुकडा कापायचाच असतो, अपेंडिक्स तर अख्खं काढायचं असतं, तरी दोन्हींना बॅबकॉकच लागतो. पू धरलेल्या अपेंडिक्सला दात लागले तर ते फुटून घाण पोटात सांडेल. म्हणून स्वतःला विचारायचं : हे फाटलं तर किती रक्त जाईल, फुटलं तर काय सांडेल? उलट पोटाच्या स्नायूंवरचं चिवट आवरण, किंवा अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेत योनीमार्गाच्या अस्तराची कड, हे बॅबकॉकमधून निसटतं. तिथे अ‍ॅलिसच हवा.

एवढ्यावरून दात म्हणजे वाईट असं मात्र समजू नकोस. त्वचेला टाके घालताना सर टूथ फोर्सेप, म्हणजे टोकाला दात असलेला चिमटा, मागतात तेव्हा तुम्हा मुलींना नवल वाटतं. प्लेन, म्हणजे बिनदाताच्या, फोर्सेपने त्वचा धरायची तर जोरात दाबावं लागतं आणि कड चेचली जाते. दात हलक्या हाताने धरतात. मी स्वतः टूथ मागणाऱ्या सर्जनकडेच टाके घालून घेईन.

ही नावं माणसांची आहेत. ऑस्कर अ‍ॅलिस आणि वेन बॅबकॉक, दोघेही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे सर्जन. सीझरच्या सेटमध्ये गर्भाशयाच्या कापलेल्या कडा धरून रक्त थांबवणारा रुंद तोंडाचा ग्रीन-आर्मिटेज असतो. ते डॉक्टर कलकत्त्याच्या ईडन हॉस्पिटलमध्ये होते, म्हणजे तो फोर्सेप आपल्या देशातल्या बाळंतिणींच्या अनुभवातून आला असं मी मनाशी धरून चालते.

आणि ट्रॉली स्वतः लाव. आदल्या रात्री दुसऱ्या कुणी पॅक केलेल्या सेटवर विसंबू नकोस, माझी चूक तिथेच सुरू झाली. प्रत्येक फोर्सेप उघडून-मिटून बघ. दात एकमेकांत नीट बसत नसतील किंवा लॉक आपोआप सुटत असेल, तर तो बाजूला काढ आणि तसं सांग. ओरडा बसला तरी सांग.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची आतड्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. आतडं चिमट्यात धरतात असं कळलं. त्याने इजा होणार नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. पोट उघडून शस्त्रक्रिया होत असेल तर आतडं बहुतेक वेळा हातानेच, ओल्या मॉपमध्ये (शस्त्रक्रियेच्या निर्जंतुक कापडात) गुंडाळून हाताळतात. चिमटा लागलाच तर वर सांगितलेला बिनदाताचा बॅबकॉक, तोही लॉकच्या पहिल्याच खाचेवर. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही लांब दांड्याचा, त्याच घडणीचा बॅबकॉक असतो. धरल्याची पुसट खूण उमटते आणि बहुधा थोड्या वेळात जाते. पोट बंद करण्याआधी सर्जन आतड्याच्या हाताळलेल्या भागावरून नजर फिरवतात आणि वरचा पदर कुठे फाटलेला दिसला तर तिथेच टाका घालतात. तुमच्या सर्जनना हे मोकळेपणाने विचारा. मिस्टरांनाही सोबत बसवा, ऐकायचं त्यांनाही आहे.