कोणत्या व्हिडिओ गेमचा तुमच्यावर कायमचा ठसा उमटला, आणि का?

या प्रश्नाला मारिओ, कॉन्ट्रा नाहीतर व्हाइस सिटी अशीच उत्तरं जास्त येणार, आणि त्यात वावगं काही नाही. आमच्या वाडीतही पिवळी कॅसेट होती. वर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं आणि आत तेच चार-पाच गेम नावं बदलून फिरून फिरून यायचे. कॉन्ट्रा सुरू व्हायच्या आधी वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए दाबलं की ३० जीव मिळतात हे ज्याला अजून पाढे येत नव्हते त्यालाही पाठ होतं. पण खरं सांगायचं तर ते सगळे गेम आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलेत. वेगळा उरलाय तो एकच: सिड मायर्स पायरेट्स. मूळ गेम १९८७ चा, कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरसाठी काढलेला. मी खेळलो ती २००४ ची नवी आवृत्ती.

माझं घर विजयदुर्गच्या खाडीकाठी. गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने एका सीडीवर हा गेम आणला. चाच्यांचा गेम, आणि आलाही होता चाचेगिरीनेच. कॉम्प्युटर पडवीत, प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. आमच्याकडे खाऱ्या हवेने कॅबिनेटचे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि पॉवर सप्लायमध्ये मुंग्या घर करतात, त्यामुळे त्या पेटीची बडदास्त देवघरातल्या समईपेक्षा जास्त असायची. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी गेम सेव्ह करायचा.

गेम असा आहे. सतराव्या शतकातला कॅरिबियन समुद्र. स्पेन, इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंड तिथे ठाण मांडून बसलेत, आज यांचं त्यांच्याशी युद्ध, उद्या तह. तुम्ही एका जहाजाचे कप्तान. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं: व्यापार करा, जहाजं लुटा, हरवलेले नातेवाईक शोधा, नाहीतर गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचा. (हे नाचाचं प्रकरण नंबर पॅडवर खेळायचं असतं आणि ते इतकं वैतागवाणं आहे की मी गव्हर्नरच्या मुलींपासून चार हात लांबच राहायचो. लग्न न झाल्याने शेवटी गुण कमी पडले, चालतंय.)

पहिले काही दिवस गेम आम्हाला मुळीच पटला नाही. पश्चिमेकडे जाताना जहाज भन्नाट सुटायचं. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या व्हेरा क्रुझपर्यंत लुटत लुटत मजेत गेलो. परत पूर्वेला बार्बाडोसकडे निघालो तर जहाज जागचं हलेना. महिने उलटायचे, अन्न संपत यायचं, खलाशी कुरबुरायला लागायचे आणि बार्बाडोस काही दिसायचं नाही. भावाचं निदान एकच, रॅम कमी आहे. मुंबईच्या माणसाचं कॉम्प्युटरबद्दलचं मत आमच्याकडे तेव्हा शेवटचं मानत, त्यामुळे रॅमसाठी वडिलांकडे शब्द टाकायचंही ठरलं.

आजोबा पलीकडे अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेले. टीव्ही असो की कॉम्प्युटर, त्यांना पडद्याचं कधी कौतुक नव्हतं. पण समोर समुद्र दिसत होता आणि त्यात एक जहाज चुकीचं चाललं होतं, हे काही त्यांच्याने बघवेना.

"वारो खंयसून येता?" त्यांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वारा? गेममध्ये? वाऱ्याची दिशा पडद्यावर दाखवलेली होती, आम्ही तिला शोभेची वस्तू समजलो होतो. वारा पूर्वेकडून, आणि आम्ही नाक सरळ पूर्वेला लावून बसलेलो.

"तोंडार वारो घेवन खंय चललंस? सरळ जाव नको. थोडो हय, थोडो थय. वाकडो वाकडो जा."

मी जहाज ईशान्येला वळवलं, मग आग्नेयेला, मग परत ईशान्येला. जहाज चालायला लागलं. रॅमचा विषय तिथेच मिटला.

आजोबा तरुणपणी फत्तेमारीवर खलाशी होते. मंगळुरी कौलं, मीठ, जळाऊ लाकूड असला माल शिडाच्या जहाजातून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत जायचा, तो काळ. तुमच्या गावात जुन्या घरावर मंगळुरी कौलं असतील तर त्यातली कितीतरी अशीच समुद्रमार्गे आली असतील. हे सगळं मला आधीही ऐकून माहीत होतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी जशा ऐकतात तसंच ऐकलेलं. त्या दिवसानंतर ते रोज खुर्ची सरकवून शेजारी बसायला लागले आणि त्यांना नेमकं काय येत होतं ते मला कळायला लागलं.

उदाहरणार्थ शीड. या गेममध्ये प्रत्येक जातीच्या जहाजाला वाऱ्याचा एक कोन मानवतो. स्पेनचं अवाढव्य गॅलियन वारा पाठीमागून आला की बरं चालतं, वाऱ्याच्या अंगाला वळवलं की मरगळतं. लहान स्लूप मात्र वाऱ्याच्या तोंडाच्या बऱ्याच जवळून जाऊ शकतो. गेमच्या पुस्तिकेत याचं कारण असेल कदाचित, आमच्या सीडीबरोबर पुस्तिका कुठली यायला! आजोबांनी दोन्ही जहाजांकडे बघून लगेच सांगितलं. मोठ्याची शिडं डोलकाठीला आडवी बांधलेली, ती मागून येणारा वारा धरतात. लहान्याचं शीड जहाजाच्या लांबीच्या दिशेने धरलेलं, ते वारा कापत वर चढतं. फत्तेमारीचं शीडही डोलकाठीला तिरकं असायचं, त्यामुळे ते या दुसऱ्या घराण्यातलं. गॅलियनकडे बघून ते म्हणाले, "ह्या वाऱ्यार चढाचा नाय. लाकूड वाया." मला तोवर ते गेममधलं सगळ्यात भारी जहाज वाटत होतं.

त्यांच्या तक्रारीही होत्या. "हय मतलई नाय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. आपल्याकडे रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की उलटा, समुद्राकडून खारा वारा. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा पाठीशी. गेममधला वारा आपला बहुतेक वेळ पूर्वेकडूनच. दुसरी तक्रार पावसाळ्याची. पडद्यावर जून आला, जुलै आला, तरी जहाज समुद्रातच! आमच्याकडे पाऊस लागला की होड्या ओढून वर घेतात, वर माडाच्या विणलेल्या पानांची झापं घालून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी समुद्रात जात नसे. आता तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना सरकारी मासेमारीबंदीच असते. "पावसात दर्यात जाता, तो कसलो कप्तान?" असं म्हणून ते उठून जायचे. संध्याकाळी परत खुर्चीत.

लुटीच्या वाटणीवरून मात्र खरोखरच खडाजंगी झाली. गेममध्ये सफर लांबली की खलाशी नाराज होत जातात. त्यांना वाटणी हवी असते. वाटणी केली की कप्तानाला त्याचा हिस्सा मिळतो, खलाशी आपापल्या वाटेने जातात, आणि काही महिन्यांनी नवी माणसं गोळा करून पुन्हा सुरुवात. मला अर्थातच वाटणी नको असायची. चांगला ताफा जमलाय, कशाला मोडायचा? आजोबांना हे सहनच होईना. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की तिथेच वाळूत मासळीचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा हिस्सा निघतो आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ज्याचा त्याला मिळतो. उद्या देतो म्हणणाऱ्याच्या रापणीला परवा कोणी येत नाही. "वाटणी नाय दिलंस तर माणसा ऱ्हवतली कशाक? आमचो तांडेल असतो तर तुका दर्यात ढकलून दिल्यान असता." (तांडेल म्हणजे होडीचा कप्तान.) चार दिवसांत खलाशी पळायला लागलेच. आजोबा माझ्याकडे बघून नुसते सुपारी कातरत राहिले, तो कडकड आवाज अजून कानात आहे.

आता या गेमने माझ्या डोक्यात जे कायमचं बदललं ते सांगतो. घरासमोर किल्ला असला की त्याचं काही वाटत नाही. विजयदुर्गला सहली यायच्या, गाईड सांगायचा, आम्ही बुरुजावरून उड्या मारायचो. आंग्रे म्हणजे चौथीच्या परीक्षेतला एक प्रश्न. गेममध्ये मी स्लूप घेऊन एका स्पॅनिश गॅलियनमागे लागलो होतो. त्याच्या बाजूला गेलो की तोफांचा असा भडिमार व्हायचा की दोन मिनिटांत खेळ खलास. मग लक्षात आलं की तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींनाच आहेत, मागे काही नाही. त्याच्या पिछाडीला चिकटून राहायचं, तो वळला की आपणही वळायचं, आणि साखळीचे गोळे मारून आधी त्याची शिडं फाडायची. शिडं गेली की तो पांगळा. मग चढाई.

हे जमल्यावर मला भलताच गर्व झाला. पुढे कॉलेजात असताना मराठा आरमाराबद्दल वाचलं तर आंग्र्यांची गलबतं, म्हणजे लहान जहाजं, ईस्ट इंडिया कंपनीच्या मोठ्या जहाजांशी अगदी हेच करायची. वारा पडला की गलबतं वल्ह्यांवर चालत, आपल्याच जड गुराबांना (तोफांच्या मोठ्या जहाजांना) दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभं करत, जिथे त्याच्या कुशीतल्या तोफा पोचत नाहीत. शिडं आणि डोलकाठ्या आधी तोडायच्या, मग माणसं चढवायची. वाचताना मला समजावून घ्यावं लागलं नाही. हातांना माहीत होतं.

दुसरी गोष्ट परवान्याची. गेममध्ये फ्रेंच गव्हर्नरकडून परवाना घेऊन स्पेनची जहाजं लुटली की फ्रान्स तुम्हाला हुद्दे देतो, जमिनी देतो, आणि स्पेन तुमच्या डोक्यावर बक्षीस लावतो. काम तेच, लूट तीच. आमच्या पिढीने इंग्रजीतून जो काही थोडाफार इतिहास चाळला त्यात कान्होजी आंग्रे सर्रास 'पायरेट' असतात. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख होते. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा ही त्यांची मागणी होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीला ती मान्य नव्हती. चाचा कोण हे कुठल्या बंदरात विचारता त्यावर आहे, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगायच्या आधी या गेमने सांगितलं होतं.

अर्थात शेवट गेमसारखा झाला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गवर चालून आले, पेशव्यांशी संगनमत करून. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरात एकमेकांना खेटून उभं होतं, एका जहाजाला आग लागली आणि ती सगळीकडे पसरली. आपल्याच माणसांच्या सहमतीने आपलं आरमार जळालं, यावर आमच्या गावात आजही चहाच्या टपरीवर भांडणं होतात. मी त्यात पडत नाही, म्हणजे पडतो, पण इथे नको.

नंतर बरेच गेम खेळलो. समुद्राचेही. २०१३ चा असॅसिन्स क्रीड ब्लॅक फ्लॅग दिसायला अप्रतिम आहे, खलाशी गाणी म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण त्यात जहाज हव्या त्या दिशेला मोटारसारखं जातं, वाऱ्याची पर्वा करावी लागत नाही. बहुतेक खेळणाऱ्यांना तेच बरं वाटत असेल. मला चुकल्यासारखं वाटतं. पायरेट्समध्ये कप्तान म्हातारा होतो, त्याची तलवार मंदावते, आणि एके दिवशी निवृत्त व्हावंच लागतं. भिकारी म्हणून की गव्हर्नर म्हणून ते तुमच्या कमाईवर. यातलंही काही नंतरच्या गेममध्ये फारसं सापडलं नाही.

तुम्हाला खेळून बघायचा असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अजून मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. नंबर पॅड असलेला कीबोर्ड मात्र हवाच, नाहीतर नाच आणि तलवारबाजी दोन्हींत हाल होतील. सुरुवातीला मोठ्या जहाजाच्या मोहात पडू नका, हाती स्लूप लागला तर तोच ठेवा. सोपी पातळी घ्या. अवघड पातळीवर कप्तानाचा हिस्सा वाढतो खरा, पण आधी हिस्सा मिळण्याइतकं जगायला हवं. आणि व्हेरा क्रुझकडे निघण्याआधी परतीचं अन्न भरून घ्या.