पडलेल्या कडुनिंबाचं घुबड करू का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी मनीष नगरात राहते. मे मधल्या वादळात आमच्या अंगणातला जुना कडुनिंब मुळासकट आडवा झाला, फांद्या लोकांनी नेल्या पण बुंधा पडून आहे. भावानं चेन-सॉनं (फिरत्या साखळीच्या मशीन करवतीनं) अस्वल, घुबड कोरायचे व्हिडिओ पाहिले आणि आता त्याला मशीनच घ्यायची आहे. आई म्हणते, जन्मभर ज्याच्या सावलीत बसलो त्याच्यावर मशीन काय चालवता? तुम्ही स्वतः एवढे झाडवेडे, तरी चेन-सॉनं लाकूड कोरता, हे कसं जमतं? आणि कडुनिंब चालेल का, तडकणार तर नाही ना?

उत्तर: आईंना सांगा ताई, उभ्या झाडाला मी हात लावत नाही, पैसे कितीही देऊ करा. (शहरात उभं झाड तोडायला 1975 च्या कायद्यानं परवानगी लागते, ते वेगळंच.) पण नागपुरात दर उन्हाळ्याच्या शेवटी वादळात झाडं पडतात आणि मग ती चुलीत जातात नाहीतर आरा मशीनवर, त्यापेक्षा अंगणातच राहिलेलं बरं की नाही? आणि खरं सांगू, झाड आतून कसं असतं हे कोरल्याशिवाय कळतच नाही, कडुनिंबाचा तांबूस गाभा, बाहेरचा फिका भाग, एकमेकांत गुंतलेले रेषे, हे सगळं बघितल्यावर रस्त्यावरच्या झाडाकडे आपण वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो.

कडुनिंब चालतो, पण रेषे गुंतलेले असल्यामुळे बारीक पिसं कोरायला गेलात की कपच्या उडतात, म्हणून आकार मोठा आणि मोकळा ठेवा. घुबडच पाहिजे असं काही नाही बरं का, सगळेच घुबड करतात, बुंध्याला गाठ किंवा फांदीचं बेचकं असेल तर त्यातून काय निघतंय ते आधी बघा.

तडकणार, हे गृहीतच धरा. लाकूड वाळताना गोलाईत जेवढं आकसतं ते गाभ्यापासून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून अख्खा गोल ओंडका कुठंतरी फाटतोच आणि आपल्या 45 डिग्रीच्या उन्हात तर लवकरच. त्यामुळे मागच्या बाजूनं गाभ्यापर्यंत एक उभी चीर आधीच मारून ठेवायची, म्हणजे तडा बहुतेक तिथंच रुंद होतो आणि तोंड वाचतं. दोन्ही टोकांना मेण नाहीतर फेविकॉल लावा, सावलीत ठेवा, कूलरच्या हवेत नको. कोरायचं मात्र ओलं असतानाच, वाळलेला कडुनिंब चेन बोथट करतो. मूर्ती मातीवर ठेवू नका, वाळवी येते, खाली दगड द्या.

आता भाऊ. शेतीच्या दुकानात मिळणारी 22 इंची पट्टीची (जिच्याभोवती चेन फिरते ती) मशीन घेऊन तो थेट डोळे कोरायला बसला तर मला काळजी आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला की मशीन झटक्यात उसळून तोंडाकडे येते, यालाच किकबॅक म्हणतात. कोरीव कामाच्या पट्टीचं टोक अगदी बारीक असतं म्हणून उसळी कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही. त्या पट्टीला बहुतेक वेळा चेन आणि स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दात्यांचं चाक) वेगळं लागतं, तेव्हा तिन्ही एकत्रच विचारून घ्या. हेल्मेट जाळीसकट, कानाला मफ, पायाला चेन अडवणारी पँट, बूट, यात काटकसर नको. आणि पहिले काही दिवस फक्त ठोकळे आणि गोळे कापू द्या त्याला, बुंध्याला हात नको, रुसला तरी चालेल.

प्रश्न: मी फ्लॅटमध्ये राहतो, गच्चीवर चेन-सॉनं कोरलं तर?

उत्तर: नको राजा. चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, खालचे लोक पोलीस बोलावतील आणि बरोबरच करतील. पटाशी आणि मोगरी (लाकडी हातोडा) घ्या, लकडगंजच्या लाकूड बाजारात जाऊन शिवण झाडाच्या लाकडाचा तुकडा मागा. मऊ असतं, फारसं वाकत नाही, शिकायला त्याच्यासारखं लाकूड नाही. सागवान सध्या नको, महाग पडतं आणि धारही लवकर खातं.