नवरा मर्चंट नेव्हीत असेल तर मुलांना घेऊन चार-सहा महिने शिडाच्या बोटीवर राहता येईल का?

तुम्ही विचारलंय की थायलंड-मलेशियाच्या बाजूला बोटीवर राहायचं तर मुलांच्या शाळेचं काय आणि खर्च किती. दोन्हीवर येते. पण मध्येच तुम्ही लिहिलंय, 'यजमान मर्चंट नेव्हीत आहेत, त्यामुळे बोटीची काळजी नाही.' अहो, पहिली काळजी तीच करा.

आम्ही नवी मुंबईतल्या सीवूड्सचे. आमच्या सोसायटीत दगड मारला तर जहाजावरच्या माणसालाच लागेल. माझा नवरा चीफ इंजिनियर. मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत असताना त्याने एक कॉन्ट्रॅक्ट सोडलं आणि आम्ही डिसेंबरात मलेशियातल्या लंगकावी बेटावर गेलो. त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याची बारा मीटरची बोट तिथे नुसती उभी होती. देखभाल तुम्ही करा आणि वापरा, असा सौदा. मी निघण्याआधी तिथेच शिकाऊ लोकांचा पाच दिवसांचा कोर्स केला. नवऱ्याला गरज वाटली नाही. पहिल्याच रात्री एव्होमिन, म्हणजे बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी, कोणाला लागली ते सांगत नाही. मोठं जहाज आणि ही होडी यांचं हलणं वेगळं असतं, एवढंच.

मोसम तुम्ही पाहिलाच असेल. डिसेंबर ते एप्रिल तिकडे ईशान्येचा वारा असतो. तो जमिनीवरून येतो म्हणून पश्चिम किनाऱ्याला पाणी सपाट. लंगकावी ते फुकेत अंतर सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास, पण मध्ये लीपे, रोक, लांता, फी फी अशी बेटं पेरलेली आहेत. सकाळी निघायचं, उन्हं कलायच्या आत पुढच्या बेटामागे नांगर टाकायचा. फांग ङाच्या आखातात पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे सुळके पाहून आम्ही दोघं गप्प, आणि मुलगा खाली खारफुटीकडे बोट दाखवून म्हणाला, हे तर आपल्या शेजारच्या करावे गावाला पण आहे!

आता क्रू लिस्ट. फुकेतला चालाँगच्या धक्क्यावर इमिग्रेशन, कस्टम्स आणि हार्बर मास्टर असे तिन्ही सोपस्कार होतात, आणि तिथे बोटीवरच्या सगळ्यांची नावं हुद्द्यासकट द्यावी लागतात. नवऱ्याने सवयीने फॉर्म भरला. स्वतः मास्टर, म्हणजे कप्तान. मुलं डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, ती खूश. माझ्यापुढे लिहिलं, कुक. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहून शिक्का मारला. आता यात मस्करी किती आणि मनातलं किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

एप्रिल संपत आला होता. आम्ही फुकेतच्या नाय हार्नच्या खाडीत होतो. ही खाडी नैऋत्येला उघडी आहे. ईशान्येच्या वाऱ्यात स्वर्ग, पण वारा फिरला की तो बोटीला मागच्या किनाऱ्यावर ढकलतो. दिवस पौर्णिमेचा, म्हणजे उधाण. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटीत आम्ही नांगर टाकला. खोली सहा मीटर. नांगराची साखळी खोलीच्या पाचपट सोडायची असते. नवरा म्हणाला, सहाला पाचपट, तीस मीटर साखळी बास. मी म्हटलं, अरे, तिथे उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं, आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याच्या वर मीटरभर आहे ते धरलंस का? दहाला पाचपट म्हणजे पन्नास. शिवाय ढग बघ. त्यावर उत्तर आलं, "वीस वर्षं जहाजावर काढलीत मी. तू खिचडीचं बघ." वीस वर्षं काढलीत हो, पण इंजिनरूममध्ये! जहाजावर नांगराचं काम डेकवाल्यांचं. चीफ इंजिनियर तेव्हा खाली इंजिनापाशी असतो. हे मला त्यानेच लग्नानंतर पहिल्या वर्षी कौतुकाने सांगितलं होतं.

खिचडी झाली. (कुकर न्याच. झाकण बंद असतं, बोट हलली तरी सांडत नाही, आणि पाणी कमी लागतं. नवी मुंबईच्या नळाला येणाऱ्या मोरबे धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना समुद्राच्या पाण्याने ताटं विसळायला शिकवणं हा या सहलीतला सगळ्यात अवघड धडा होता.) अकराच्या पुढे भरती भरत आली आणि नैऋत्येकडून वारा सुटला. आधी थंड झुळूक, मग पाऊस आडवा. बोट गर्रकन फिरली आणि बोट जागेवरून सरकली की वाजणारा फोनवरचा नांगराचा अलार्म किंचाळायला लागला. साखळीला हात लावला तर ती तळावरून गुरगुरत घसरत होती, हाताला थेट कळतं ते. मागे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज, डाव्या हाताला एका म्हाताऱ्या फ्रेंच जोडप्याच्या बोटीवर आम्ही जाऊन आदळणार असं दिसतंय, आजोबा अर्ध्या चड्डीत फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी फुगीर गादी, धरून ओरडतायत. नवऱ्याने इंजिन चालू केलं, सुकाणू धरलं. मी पुढे नाळेवर पोटावर पडून विजेरी साखळीवर धरली आणि बोटीचं तोंड कुठे न्यायचं ते हाताने दाखवत राहिले. मुलीने भावाला लाइफ जॅकेट घालून खाली टेबलाशी बसवलं. नांगर वर आला, आम्ही बाहेर मोकळ्या पाण्यात गेलो, उजाडेपर्यंत तिथेच घिरट्या घातल्या आणि मग प्रॉमथेपच्या टोकाला वळसा घालून चालाँगला आलो.

सोसायटीच्या गणपतीत हीच गोष्ट नवरा सांगतो तेव्हा तळाची वाळू भुसभुशीत असते. नाय हार्नची वाळू नांगर छान धरते, म्हणून तर तिथे इतक्या बोटी उभ्या राहतात. त्या रात्री बाकीच्यांपैकी कोणी घसरलं नाही. शेवटी गेल्या हिवाळ्यात दिवाळे गावात मासे घ्यायला गेलो असताना धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख) मी नवऱ्यासमोरच विचारलं, काका, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, नांगर टाकला तर दोर कुठल्या पाण्याच्या हिशेबाने सोडता? काका माझ्याकडे न बघता जाळं विणत म्हणाले, "भरतीच्याच की. पानी चरल्यावर दोर कमी परल ना." आपल्याकडे मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं. इथल्या कोळ्याच्या पोराला जे कळतं, त्यासाठी कोर्सही लागत नाही. नवरा पापलेटचा भाव विचारायला लागला.

असो, शाळा. आमच्या शाळेने फी पूर्ण घेतली आणि वर 'मुलांचं नुकसान होईल' म्हणून पत्र दिलं. नुकसान काही झालं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेशाची तरतूद आहे, पण पाचवी आणि आठवीच्या परीक्षेचे नियम नंतर बदललेत, म्हणून निघण्याआधी शाळेत विचारून घ्या. मुलीने भरती-ओहोटीची कोष्टकं वाचून जे गणित केलं ते सातवीच्या पुस्तकात नव्हतं. मराठीचा अभ्यास मात्र बुडाला, तेवढं मी कबूल करते. नववी-दहावीची मुलं असतील तर निघूच नका. मुक्त विद्यालयाची सोय आहे, पण बोटीवर रोज तीन तास बसून अभ्यास होतो असं सांगणारा खोटं बोलतो.

खर्चाचं एकच सांगते. बोट विकत, भाड्याने की ओळखीची, यावरच सगळं अवलंबून, म्हणून आमचा आकडा तुमच्या कामाचा नाही. लंगकावी करमुक्त आहे, सुटे भाग शक्यतो तिथेच घ्या. मरिनात कमी राहा, नांगरावर जास्त, तिथे पैसे वाचतात. विमा काढा. मे लागायच्या आत बोट सुरक्षित जागी लावा. आम्ही हा नियम ताणला.

नवऱ्यावर अन्याय नको. लांताजवळ इंजिन तापून बंद पडलं तेव्हा त्याने थंड पाणी फिरवणाऱ्या पंपाचा फाटलेला इम्पेलर, म्हणजे आतला रबरी पंखा, काढून नवा बसवला, तोही बोट डुलत असताना. तसा माणूस बरोबर असणं सोन्यासारखं. तेव्हा तुमच्या यजमानांना नक्की न्या, पण आधी विचारा, डेकवर की इंजिनात? डेकवर असतील तरी तुम्ही स्वतः कोर्स करा. साखळीवर दर पाच मीटरला रंगाची खूण करून घ्या, म्हणजे किती सोडली यावर वाद उरत नाही. आणि चालाँगला फॉर्म भरायची वेळ आली की पेन त्यांच्या हातात देऊ नका.