मैत्रिणीच्या लेकीची मुंबईवारी

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यांच्या मुलीच्या वर्गातली मैत्रीण बोहरा मुस्लिम कुटुंबातली, तिच्या आईचं माहेर भेंडीबाजारातलं. शाळेच्या फाटकाशी थांबता थांबता दोन्ही आयांची गट्टी जमली. परवा त्या मुलीची आई रडत म्हणाली, सातव्या वर्षी माझा खतना झाला, खालच्या नाजूक जागेची कातडी कापली. अजून नवऱ्याजवळ जाताना दुखतं, लघवीला जळजळ होते. आणि आता सासूबाईंचा निरोप आलाय, ‘सुट्टीत पोरीला घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे.’ पत्राच्या शेवटी आहे, ‘हे म्हणतात, दुसऱ्यांच्या धर्मात आपण पडू नये. मी काय करू?’

ताई, तुमच्या यजमानांचा संकोच मला समजतो, पण पटत नाही. प्रश्न एका लहान मुलीच्या शरीराचा आहे आणि तिच्या आईनं तो स्वतः तुमच्यापाशी आणलाय.

आधी आईचं दुखणं. बोहरांमध्ये साधारणपणे योनिलिंगावरची (क्लिटोरिसवरची) कातडी कापतात. ‘जरासंच’ म्हणतात, पण सात वर्षांच्या मुलीचा तो भाग किती इवलासा असतो! त्यात ती घाबरलेली, दोघीतिघींनी धरून ठेवलेली, हातपाय झाडणारी. कातडीखालचा भाग मज्जातंतूंनी गच्च भरलेला असतो. पातं थोडं सरकलं तरी तोही कापला जातो. तेव्हाच रक्तस्राव, जंतुसंसर्ग होऊ शकतो. पुढे तिथे कठीण व्रण राहतो, कधी गाठ होते, कुणाला नुसता स्पर्शही सोसत नाही. डॉक्टरनं स्वच्छ खोलीत केलं तरी शरीराला त्याचा फायदा शून्य. आफ्रिकेतल्या काही भागांत याहून बरंच जास्त कापतात, शिवूनही टाकतात. तिथल्या ६ देशांतल्या २८,००० हून अधिक बाळंतिणींचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कापणं जितकं जास्त, तितकं सिझेरियनचं, अतिरक्तस्रावाचं आणि बाळ दगावण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

तरी तुमच्या मैत्रिणीचा प्रत्येक त्रास खतन्यामुळेच आहे, असं इथे मुंबईत बसून मी ठरवणार नाही. जळजळीसाठी लघवीची तपासणी हवी, साखरही बघायला हवी. मात्र डॉक्टरांना खतन्याचं सांगायलाच हवं, नाहीतर त्या नुसत्या गोळ्या देत राहतील. इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, यासाठी खास क्लिनिक्स आहेत. अनेक ठिकाणी जीपीच्या (नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय जाता येतं. सज्ञान बाईनं स्वतःबद्दल सांगितलं म्हणून तिची पोलिसांत तक्रार करण्याची सक्ती डॉक्टरांवर नाही. ती सक्ती १८ वर्षांखालच्या मुलींपुरती आहे. घरात लहान लेक आहे म्हटल्यावर मात्र तिच्याबद्दल विचारतील, आणि ते योग्यच आहे.

आता लेक. मैत्रिणीशी धर्मावर वाद घालू नका, तिच्या सासूला नावं ठेवू नका. ‘तुला जे झालं ते हिला व्हायला हवंय का?’ एवढंच विचारा. ती नको म्हणाली तर सासूबाईंपुढे ठेवायला भक्कम कारणं आहेत. मुलीला परदेशी नेऊन हे केलं तरी ब्रिटनमध्ये तो गुन्हा आहे. करणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत आणि मुलीचं रक्षण न करणाऱ्या पालकांना ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बजावणारं एक छापील पत्रक तिथल्या सरकारनंच काढलंय, ते पासपोर्टसोबत ठेवायचं. परदेशातल्या बऱ्याच बोहरा जमातींनीही (समाजाच्या स्थानिक मंडळांनीही) २०१६ मध्ये आपल्या लोकांना त्या त्या देशाचा कायदा पाळायला लेखी कळवलं होतं. वडीलधाऱ्यांना हे कारण लवकर पटतं. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, खतन्याविरुद्धची सर्वोच्च न्यायालयातली याचिका २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे गेली. पण ‘साहियो’सारख्या संस्थेतून बोहरा बायकाच उघड बोलताहेत, तेही याच मुंबईत. मैत्रिणीला हे जरूर सांगा, तिला एकटं वाटणार नाही.

घरचे ऐकतच नसतील तर एनएसपीसीसी या तिथल्या बालसंरक्षण संस्थेची यासाठी हेल्पलाइन आहे. न्यायालय संरक्षण आदेश देऊन मुलीचा पासपोर्टही जमा करून घेऊ शकतं. तिकिटं निघायच्या आत फोन करा. मुलगी इथे पोचलीच असेल तर मुंबईत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

क्लिनिकला मात्र तिला एकटीला पाठवू नका. त्या दिवशी दोन्ही मुलींना शाळेतून आणायचं काम तुमच्या यजमानांना सांगा.