‘जादुई समाज’ नको, ‘जाणते’ म्हणा

प्रश्न असा: ‘आजच्या ब्रिटनमध्ये चारचौघांच्या नजरेआड जादू येणाऱ्यांचा एक समाज राहतो, अशी कथा लिहितो आहे. त्याला "जादुई समाज" म्हणू का? आणि त्यातल्या माणसाला जादूगर म्हणावं की मांत्रिक?’

आधी ‘जादुई’चा निकाल लावू. जादुई दुनिया, जादुई क्षण, जादुई आवाज. हिंदीतून उचललेलं हे विशेषण ऐकून कान किटले. मराठीत जादूची कांडी असते, जादूचा दिवा असतो. ‘चा-ची-चे’ लावलं की काम भागतं, तिथे ‘ई’ची उसनवारी कशाला? ‘जादूगर’ही हिंदीच. आपण गुन्हेगार म्हणतो, खिदमतगार म्हणतो, तसंच जादूगार.

गंमत अशी, की ज्या फारसीचा हवाला ‘जादुई’साठी दिला जातो, तिथे ते मुळात विशेषणच नाही. जुन्या फारसीत ‘जादू’ म्हणजे ती विद्या करणारा माणूस आणि ‘जादूई’ म्हणजे त्याची विद्या. पुढे ‘जादू’ हा शब्द विद्येलाच चिकटला आणि करणाऱ्यासाठी ‘गर’ जोडावा लागला.

आता खरी मजा. शब्दकोशात ‘जादू’पुढे ‘फा.’ एवढं लिहून हात झटकलेले असतात आणि त्या दोन अक्षरांच्या भरवशावर शुद्धिवादी मंडळी ‘हा परका, इंद्रजाल वापरा’ म्हणून सांगत सुटतात. अहो, फारसीच्या मागे एक पायरी जा. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, हा शब्द ‘यातु’ आहे आणि ऋग्वेदातही ‘यातु’च आहे. वैदिक आणि इराणी या सख्ख्या बहिणींच्या घरातला हा सामाईक शब्द. आपल्याकडचा पुढे विझला, त्यांच्याकडचा ‘जादू’ होऊन इराणमार्गे आपल्याकडे परत आला. अवेस्तेत यातूंच्या, म्हणजे जादू करणाऱ्यांच्या, जोडीला हटकून ‘पइरिका’ येतात, पुरुषांना भुरळ घालणाऱ्या दुष्ट स्त्रिया. त्या पइरिकेची फारसीत ‘परी’ झाली. आपल्या पोरांच्या गोष्टींतली जादू आणि परी ही जोडगोळी एका प्राचीन ग्रंथातून एकत्र चालत आली आहे! इंग्रजांचा ‘मॅजिक’ही तिकडचाच, इराणी पुरोहितांच्या ‘मगु’ या नावावरून ग्रीकांनी तो घडवला.

ऋग्वेदातल्या यातुधानांबद्दल मात्र अमरसिंहाशी माझं भांडण आहे. त्याच्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘यातुधान’ सरळ राक्षसाच्या पर्यायांत बसवला आहे, आणि तेव्हापासून सगळे तेच गिरवतात. सातव्या मंडलाचं १०४ वं सूक्त उघडून पाहा. कुणीतरी वसिष्ठांवर आळ घेतला आहे आणि ते शपथ घेतात: ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी यातुधान असेन तर आजच मरेन. पुढच्याच ऋचेत म्हणतात: ‘यो मायातुं यातुधानेत्याह यो वा रक्षाः शुचिरस्मीत्याह’. मी यातु नसताना मला यातुधान म्हणणारा एक, आणि राक्षस असून स्वतःला शुद्ध म्हणवणारा दुसरा. ‘रक्षस्’ शब्द त्याच ऋचेत वेगळा आला आहे, मग यातुधान म्हणजे राक्षसच कसा? माझ्या मते यातुधान म्हणजे आपल्यातच उठणारा-बसणारा, दिसायला आपल्यासारखाच, पण चोरून ती विद्या करणारा माणूस. तो वरून ओळखू येत नाही म्हणूनच वसिष्ठांसारख्या ऋषीला शपथ घ्यावी लागते. त्याच सूक्तात उलूकयातु, श्वयातु, गृध्रयातु येतात. घुबड, कुत्रा, गिधाड यांच्या रूपाने वावरणारे. चोरून जादू करणाऱ्यांची ही यादीच म्हणायची, आणि तिच्यात पहिलं नाव घुबडाचं!

म्हणून ब्रिटिश पात्राला यातुधान म्हणा, असं नाही. ब्रिटनला स्वतःचं माणूस आहे. ‘विझर्ड’ निघाला ‘वाइज’ म्हणजे शहाणा यावरून, आणि शेवटचा ‘अर्ड’ प्रत्यय ‘ड्रंकर्ड’मधला, हिणवणारा. म्हणजे घडण आपल्या दीडशहाण्याची. पण खेडोपाडी लोक ज्याच्याकडे जात तो ‘कनिंग मॅन’. चोरीला गेलेली वस्तू कुठे आहे ते सांगणारा, करणी उतरवणारा. आजचा ‘कनिंग’ म्हणजे लबाड, पण तेव्हा कनिंग म्हणजे ज्याला कळतं तो. हा शब्द इंग्रजी ‘नो’ (जाणणे) याच्याच कुळातला, आणि संस्कृत ‘ज्ञा’, प्राकृत ‘जाणइ’, मराठी ‘जाणणे’ हेही त्याच कुळातले. कनिंग मॅन म्हणजे अक्षरशः जाणता! अर्थानेही आणि रक्तानेही.

१७३५ चा ब्रिटिश कायदा या जाणत्यांवरच उलटला. १६०४ च्या कायद्यात चेटकाला फाशीपर्यंत शिक्षा होती. १७३५ च्या कायद्याने पार्लमेंटने ती रद्द केली आणि जादू येत असल्याचं ढोंग करणं हाच गुन्हा ठरवला, शिक्षा एक वर्ष कैद. जादूने हरवलेली वस्तू शोधून देतो म्हणणाराही त्यात आला. हा कायदा १९५१ पर्यंत टिकला. १९४४ मध्ये मेलेल्यांशी बोलते म्हणणाऱ्या हेलन डंकन या बाईंना त्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तुमच्या कथेतल्या समाजाला दडून राहायची सवय का लागली, याचं कारण इथे तयार आहे. जादू खरी असली तरी कायद्याने ती तेव्हा ढोंगच ठरली असती.

मांत्रिक नको. त्याच्याभोवती लिंबू, टाचण्या आणि अमावस्या येतात, आणि तो मंत्राला बांधलेला असतो. ‘चेटकीण’ तर मुळीच नको. तो शब्द आपल्याकडे बायकांना मारहाण करताना, गावाबाहेर काढताना वापरला गेला आहे. नायिकेला लावायचा नाही. पुरुष तो जाणता, बाई ती जाणती, सगळे मिळून जाणते. कुणी म्हणेल, समर्थांच्या ‘जाणता राजा’मुळे हा शब्द अडकला आहे. अडकलेला नाही. ‘जाणती माणसं’, ‘जाणत्या वयाचा’ हे आपण रोजच म्हणतो.

आणि ज्या सामान्य ब्रिटिशांना शेजारी काय चाललं आहे याचा पत्ता नाही, त्यांच्यासाठी नवा शब्द पाडत बसू नका. ‘न’ आणि ‘जाणणे’ यांचा जुना मराठी शब्द संतांपासून चालत आलेला आहे: नेणते.