आधी पॉलिसी परत करा, ईस्टर बेट थांबेल

पत्र भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापकांचं. वय ६१, पेन्शन ४२ हजार, पुंजी ४८ लाख. लंडनचा एक विक्रेता अठराव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या सफरींची दोन जुनी एनग्रेव्हिंग (पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) तीन लाखांना देतोय: सफरीवरच्या चित्रकारांपैकी विल्यम होजेसने काढलेले ईस्टर बेटावरचे पुतळे आणि जॉन वेबरचं ताहिती. ‘पाच वर्षांत दुप्पट’ म्हणतो. घ्यावीत का?

सर, चित्रांचं नंतर बोलू. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की बँकेतल्या मुलाने ‘एफडीसारखीच’ योजना दिली, वर्षाला आठ लाख, पाच वर्षं, आणि पुस्तिका गेल्या आठवड्यात आली. तिच्या पहिल्या पानाचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यावर ‘युनिट लिंक्ड’ छापलंय. ही एफडी नाही, युलिप आहे, म्हणजे बाजारात पैसे गुंतवणारी विमा पॉलिसी.

आठ पंचे चाळीस. हातात उरले आठ, चित्रं घेतलीत तर पाच. हप्ते थांबवलेत तरी भरलेले पैसे पाच वर्षं अडकून राहतात. शिवाय वर्षाचा हप्ता अडीच लाखांवर असल्याने नफ्यावर कर. एकसष्टाव्या वर्षी पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे मारलं, याचा मला मनस्वी राग आला आहे.

पुस्तिका हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला ‘फ्री-लुक’ म्हणतात. अर्ज थेट विमा कंपनीला द्या, लेखी द्या, पोच घ्या. किरकोळ कपात होऊन आणि युनिटच्या भावानुसार पैसे परत येतील. बँकेतला मुलगा ‘थांबा सर’ म्हणेल, थांबू नका. मग ३० लाख सिनिअर सिटिझन स्कीममध्ये टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला साधारण साडेएकसष्ट हजार.

आता चित्रं. होजेस १७७४ मध्ये कुकबरोबर ईस्टर बेटावर होता, पुढे भारतातही येऊन चित्रं काढून गेला. तुमचा जीव का जडला ते कळतं. पण ही चित्रं १७७७ आणि १७८४ च्या सफरवर्णनांसाठी तांब्याच्या पत्र्यावरून छापली गेली. ते ग्रंथ हातोहात खपले आणि पुढे कितीतरी प्रती पानं सुटी करून विकल्या गेल्या. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा टक्के. विक्रेत्याला विचारा, ‘हीच चित्रं आज मी विकायला आणली तर किती द्याल?’ निम्मे म्हणाला, तर दुप्पट होऊनही तुम्ही जेमतेम मुद्दलावर. शंभर वर्षांवरची कलाकृती इथे आणली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे पुन्हा परदेशी विकायला पाठवणंही अवघड.

भिंतीसाठी हवं असेल तर एकच घ्या, होजेसचं, तेही व्याजातून. त्याआधी कागद उजेडासमोर धरलेला फोटो मागवा: हातकागदाच्या साच्यातल्या जाळीच्या रेघा आणि चित्राभोवती पत्र्याचा दाबलेला कंगोरा दिसला पाहिजे.