पासवर्ड बदलू नका, थंडरबर्डमधली एक सेटिंग बदला

तुम्ही विचारलंय की जीमेलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो, पण थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायचा प्रोग्रॅम, तोच पासवर्ड नाकारतं आणि परत परत मागत राहतं. तर आता पासवर्ड बदलायचा की थंडरबर्ड काढून पुन्हा टाकायचं? दोन्ही करू नका. ब्राउझर त्याच पासवर्डने उघडतोय ना, मग तो बरोबर आहे. तुमच्या लक्षात आहे तोच आहे. घरातलं कुणी ‘नीट आठवून बघ’ म्हणत असेल तर ऐकू नका.

एवढं ठासून सांगते, कारण याच पासवर्डपायी आमच्या घरात एका माणसाला नाहक बोल लागला. माझे सासरे, अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. पण कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला ते किती होतं हे अण्णा आजही न बघता सांगतात. जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार चालतो तो थंडरबर्डमधून. वर्षवार फोल्डर, सगळे ‘लोकल फोल्डर्स’खाली, म्हणजे स्वतःच्या कॉम्प्युटरवर.

२०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडाला थंडरबर्ड त्यांचा पासवर्ड घेईना. माझे दीर पुण्यात आयटीत आहेत. फोनवर त्यांचं पहिलं वाक्य, “अण्णा, तुम्ही विसरला असाल.” अण्णांनी डायरी काढून अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवलं, तरी दिरांनी अण्णांच्या मोबाइलवर कोड मागवून पासवर्ड बदलायला लावला. थंडरबर्डने नवाही नाकारला. तिथेच कुणालाही कळायला हवं होतं की गडबड पासवर्डात नाही. पण दीर म्हणाले, “मग टाईप करताना चुकतंय. वय झालंय आता, ब्राउझरमध्ये बघत जा.” फोन ठेवल्यावर अण्णांनी डायरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “तूच टाक गं, माझा हात नको त्याला.” ज्यांनी आयुष्यभर आकडे सांभाळले, त्यांनी हे म्हणावं याचा मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

खरं कारण वेगळंच होतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ‘लेस सिक्युअर ॲप्स’ची सोय बंद केली. नुसतं नाव आणि पासवर्ड देणाऱ्या प्रोग्रॅमला तेव्हापासून आत घेत नाहीत, पासवर्ड कितीही बरोबर असो. आणि प्रोग्रॅम मात्र नाव-पासवर्डच चुकल्यासारखा निरोप दाखवतो. बदल योग्यच आहे, माझी तक्रार त्या निरोपाबद्दल आहे. त्या एका ओळीमुळे घरोघरी म्हातारी माणसं खोटी पडली असतील.

आता उपाय. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा. तिथे ‘ऑथेंटिकेशन मेथड’समोर ‘नॉर्मल पासवर्ड’ असेल, कारण खातं जुन्या काळी जोडलेलं. ते ‘ओऑथ २’ करा, म्हणजे पासवर्ड थंडरबर्डला न देता थेट गूगलच्या पानावर द्यायची पद्धत. मग डाव्या यादीत अगदी तळाशी जाऊन ‘आउटगोइंग सर्व्हर’मध्येही तेच करा. हे दुसरं हमखास राहतं, आणि मग मेल येतात पण जात नाहीत. त्यानंतर थंडरबर्डच्या मुख्य सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधल्या जीमेलच्या जुन्या नोंदी काढा, थंडरबर्ड बंद करून उघडा. गूगलची स्वतःची खिडकी येईल, तिथे नेहमीचा पासवर्ड द्या. अण्णांच्या कॉम्प्युटरवर ही खिडकी काही केल्या पुढे सरकेना. थंडरबर्डमध्ये कुकीज बंद होत्या. चालू केल्या आणि मोबाइलवर परवानगीचा प्रश्न आला. ‘यस’ अण्णांनी स्वतः दाबलं. पासवर्डही त्यांनीच टाकला होता, एका बोटाने, पहिल्या फटक्यात बरोबर.

काढून पुन्हा टाकण्याने काहीही होत नाही. थंडरबर्ड काढलं तरी प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज आणि पत्रं जिथे साठतात ते, मागे राहतं, नवं थंडरबर्ड तेच उचलतं आणि जुनी सेटिंग जशीच्या तशी परत येते. आणि कुणी ‘जाणकार’ ते फोल्डरही उडवायला निघाला तर त्याला माउसला हात लावू देऊ नका. लोकल फोल्डर्समधली पत्रं त्यातच असतात. सर्व्हरवरून हलवलेली असतील तर त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते.

‘ब्राउझरमध्येच बघा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंमध्ये वाटली जाते. ती भरली की लोक जुनी पत्रं पुसायला लागतात. अण्णांना काही पुसावं लागलं नाही. पावसात नेट गेलं तरी त्यांचा २००५ चा आणि २०१९ चा पूर, दोन्ही वर्षांचा पत्रव्यवहार समोर उघडतो. दिरांना हे मी दर दिवाळीला सांगते. ते म्हणतात, “वहिनी, आता कोण वापरतं ते?” अण्णा वापरतात, मी वापरते, आणि तुम्हीही वापरता म्हणूनच तर विचारलंत.

हे सगळं साध्या जीमेल खात्याबद्दल झालं. मेल प्रोग्रॅम इतका जुना असेल की ‘ओऑथ २’चा पर्यायच नाही, तर गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरता गूगलने दिलेला वेगळा पासवर्ड, घ्या. तो एकदाच दिसतो, आणि मुख्य पासवर्ड बदललात की रद्द होतो, म्हणून तरी उगाच पासवर्ड बदलत बसू नका. हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचं खातं असेल तर तिथे नुसत्या पासवर्डची वाट १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद आहे, ‘ओऑथ २’च लागेल. ऑफिसचं खातं असेल तर या सोयी चालू-बंद करणं तुमच्या हातात नसतं. ऑफिसची खाती सांभाळणाऱ्या ॲडमिनला विचारा, आणि विचारताना ‘पासवर्ड चालत नाही’ असं म्हणू नका. ‘आयमॅप (बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये मेल आणायची सोय) आणि ओऑथ चालू आहे का’ असं विचारा, नाहीतर तेही पासवर्ड रीसेट करून देतील.